राज्य आई-बाबांवरही येऊ दे

प्रश्न : बाई, प्रभूमध्ये सलाम. आम्ही कसबा बावड्यात राहतो. थोरला आठ वर्षांचा, धाकटीला आत्ताच पाच पूर्ण झाली. नाताळापर्यंत बायबलातल्या दहा आज्ञा पाठ हव्यात असं संडे स्कूलमध्ये सांगितलंय. थोरला पहिल्या सहा म्हणतो आणि सातवीला थांबून विचारतो, "व्यभिचार म्हणजे काय?" मी "मोठा झालास की कळेल" म्हणून वेळ मारून नेते. खेळातून शिकवावं असं मला वाटतं, पण ह्यांचं म्हणणं, देवाचं वचन म्हणजे खेळणं नव्हे. त्यात गणपतीच्या दिवसांत थोरल्यानं शेजारच्या मित्राला "तुम्ही मूर्ती करता ते पाप आहे" असं तोंडावर सुनावलं. त्याची आई मला काही बोलली नाही, पण तो मुलगा दोन दिवस आमच्या दारात आला नाही. मला फार लागलं. घरात हे शिकवायचं तरी कसं?
— एक आई, कसबा बावडा

उत्तर : माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि त्याहून जास्त वर्षं आमच्या मंडळीतल्या मुलांना रविवारी घेऊन बसले. तुझ्या पत्रातला एकेक प्रश्न माझ्या अंगावरून गेलेला आहे.

तुझ्या यजमानांचं आधी घेते, कारण त्यांच्या म्हणण्यात खरं आहे. वचनाची थट्टा होता कामा नये. आमच्या घरी नियम होता, आज्ञा म्हणायची ती उभं राहून, नीट, सावकाश. म्हणून झाली की मग खाली बसून खेळ. दोन्हीची सरमिसळ होत नसे. पण खेळ म्हणजे थट्टा, असं मात्र नाही. बायबलातल्या "अनुवाद" नावाच्या पुस्तकाचा सहावा अध्याय त्यांच्यापुढे उघडून ठेव. या गोष्टी मुलांच्या मनावर बिंबव, घरी बसलेला असताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना बोलत जा, असं तिथं सांगितलंय. त्यात फळा नाही की छडी नाही. घर आहे, रस्ता आहे, अंथरूण आहे. पोर जिथं असतं तिथंच शिकवा, असाच त्याचा अर्थ मी घेते, आणि पाच वर्षांचं पोर दिवसभर खेळात असतं.

यहुदी घरांत तर हे आजही चालतं. वल्हांडणाच्या, म्हणजे सुटकेच्या सणाच्या, रात्री घरातलं सगळ्यात लहान लेकरू विचारतं, "आजची रात्र वेगळी का?" आणि मोठ्यांनी मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, दास्यातून सुटकेची गोष्ट सांगायची. बेखमीर, म्हणजे खमीर न घातलेल्या, भाकरीचा एक तुकडा घरात दडवून ठेवतात, मुलं तो हुडकतात, आणि तो सापडल्याशिवाय जेवण पुरं होत नाही. आपल्या मातीतही हे आहेच. सापशिडीचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट. परंपरा तो ज्ञानेश्वर माऊलींच्या नावावर सांगते. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे. म्हणजे लेकरांना धर्म पटावर मांडून दाखवायचा, ही युक्ती आपल्या लोकांना फार आधीपासून ठाऊक आहे. एवढं यजमानांना वाचून दाखव, आणि पहिल्या खेळाला त्यांनाच बसव.

आता तुझं काम. "नकोस"पासून सुरुवात करू नकोस. दहांतल्या आठ आज्ञांत "नको"च आहे. मुलानं तेवढीच यादी ऐकली तर देव म्हणजे चौकातला पोलीस, असं त्याच्या मनात बसतं. बायबलातल्या निर्गम पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आज्ञा सुरू होण्याआधी एक वाक्य आहे : मी तुझा देव परमेश्वर, मी तुला मिसर देशातून, दास्यातून बाहेर आणलं. सुटका आधी झाली आणि आज्ञा मागून आल्या. मुलांनाही त्याच क्रमानं दे.

त्यासाठी एक निळी साडी काढ. तू एक टोक धर, यजमानांनी दुसरं. साडी जमिनीवर पसरली की तो तांबडा समुद्र, मिसरच्या फारो राजाच्या तावडीतून लोक पळाले ते इथूनच. मुलांच्या डोक्यावर उशांची गाठोडी द्यायची, एका फडक्यात भाकरी बांधून द्यायची. आपली ज्वारीची भाकरी बेखमीरच असते, वेगळं काही करायला नको. "फारोचे घोडे आले!" म्हटलं की साडी उचलायची, मुलं खालून पळत पलीकडे. पलीकडे गेल्यावर धापा टाकत बसतील, ती भाकरी मोडून खातील. तेव्हा म्हण पहिली आज्ञा, माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत. माझ्या अनुभवात त्या वेळी म्हटलेली आज्ञा मुलं विसरत नाहीत. तुझ्या धाकटीला हा खेळ दहा वेळा खेळावासा वाटेल. खेळू दे.

"शिवाजी म्हणतो" हा खेळ तर तुझ्या मुलांना येतच असेल. "शिवाजी म्हणतो, हात वर" म्हटलं तर हात वर, नुसतंच "हात वर" म्हटलं तर जागचं हलायचं नाही. काही शिक्षक तिथं, ज्याच्या हातून आज्ञा आल्या त्या मोशेचं नाव घालतात. मला ते पटत नाही, महाराजांना तिथंच राहू दे. खेळ संपला की एकच विचार, "हलायच्या आधी तू काय ऐकलंस?" आज्ञा कुणाची आहे हे आधी ऐकायचं, मग हलायचं. आठ वर्षांच्या मुलाला एवढं पुष्कळ झालं.

चोरीच्या आज्ञेसाठी दुकान-दुकान. नारळाच्या दोन करवंट्या, प्रत्येकीला तीन भोकं, सुतळी आणि मधे एक सरळ काठी. असा तराजू थोरल्याकडून करून घे. लक्ष्मीपुरीच्या बाजारात भाजीवालीसमोर पोरांनी तराजू पाहिलेला असतोच. माझ्या संडे स्कूलच्या ओसरीवर एकदा सात-आठ मुलं असा बाजार मांडून बसली होती, चिंचोके हे पैसे आणि बोरं हा माल. एक मुलगी फार चांगला धंदा करत होती. थोड्या वेळानं एक गिऱ्हाईक, सहा वर्षांचा पोरगा, बोरं ओंजळीत घेऊन बघत राहिला आणि म्हणाला, "एवढीशीच?" त्यानं करवंटी उलटी केली. खालून ओल्या मातीचा गोळा चिकटवलेला. मुलगी लालबुंद झाली. सगळे ओरडायला लागले. मी त्यांना गप्प केलं आणि त्या मुलीलाच सांगितलं, आता तू गिऱ्हाईक हो, तो गोळा तसाच ठेव, आणि त्याच तराजूनं तुला बोरं घे. तिनं घेतली. ओंजळीत चार बोरं आली. ती बराच वेळ त्या चार बोरांकडे बघत होती, मग तिनं स्वतःच्या बोटांनी माती खरवडून काढली. मी त्या दिवशी लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातलं खऱ्या तराजूचं, खऱ्या वजनांचं वचन वाचलं आणि वर एक शब्द बोलले नाही. तूही बोलू नकोस. खेळात मुलाला जे कळलं, त्यावर लगेच प्रवचन दिलं तर ते आपलं होतं, त्याचं राहत नाही.

शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा शिकवायला आपल्या कोल्हापुरात सगळ्यात सोपी. बेंदराला कुंभाराकडून मातीचे बैल येतात ना? आमच्या घरी त्यांची पूजा नाही, पण माझे वडील दरवर्षी एक जोडी आणायचे, आम्हा भावंडांना खेळायला. काड्यापेटीची गाडी, काडीचं जू. आठवडाभर ते बैल ऊस वाहायचे, गुऱ्हाळावर जायचे. शनिवारी रात्री प्रार्थनेच्या आधी धाकट्या भावाचं काम, जू उतरवायचं आणि बैल खिडकीत ठेवायचे. रविवारी त्यांना जुंपायचं नाही. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात ही आज्ञा सांगताना बैलाचं नाव घेऊन सांगितलंय, बैलानं, गाढवानं, दासानं, दासीनं, वेशीच्या आतल्या परक्यानंही तुझ्यासारखाच विसावा घ्यावा. कारणही दिलंय : तू स्वतः मिसरात दास होतास, हे आठव. ज्यानं मातीच्या बैलाचं जू उतरवलं, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. हे लिहिताना मला आणखी एक सांगावंसं वाटतं. रविवारी उपासनेहून आल्यावर तांबडा-पांढरा करत तू दुपारी तीनपर्यंत चुलीपुढं उभी असशील, तर मुलं बघतात की आईचं जू काही उतरलं नाही. मटण शनिवारी रात्री शिजवता येतं. यजमानांना भाकरी थापता येत नसेल तर भात लावता येईल.

आता सातवी. "मोठा झालास की कळेल" म्हणू नकोस. मूल मग ते दुसऱ्या कुणाकडून कळून घेतं. त्याच्या वयाला पुरेल तेवढं खरं सांग : "लग्नात नवरा-बायको देवासमोर एकमेकांना शब्द देतात, की मी तुझाच, मी तुझीच. तो शब्द मोडायचा नाही." आठ वर्षांच्या मुलाला एवढं उत्तर पुरतं, मी कितीतरी वेळा दिलंय. खेळ हवा असेल तर तीन पायांची शर्यत. त्याचा उजवा पाय आणि बहिणीचा डावा पाय रुमालानं बांध आणि अंगण ओलांडायला लाव. एकानं आपल्या मनानं ओढ घेतली की दोघं आपटतात. पडू दे एकदोनदा. मग ती आपसूक "एक-दोन, एक-दोन" म्हणायला लागतात. तेव्हा त्यांना सांग, आपण लग्नगाठ म्हणतो ती हीच.

आणि शेजारच्या मुलाचं. यावर मी दोन दिवस विचार केला. आज्ञा "तू" म्हणून सांगितल्या आहेत, "ते" म्हणून नाहीत. मूर्ती करू नकोस ही दुसरी आज्ञा तुझ्या मुलाला दिली आहे, ती त्यानं स्वतःसाठी पाळायची. मित्राच्या घरात शिरून मोजायला ती दिलेली नाही. नववीत आणि दहावीत शेजाऱ्याचं नाव येतं ते कशासाठी, तर त्याच्याविरुद्ध खोटं बोलू नकोस, त्याच्या वस्तूंचा लोभ धरू नकोस. शेजाऱ्याला जपण्यासाठी. एका ठिकाणी मी, लोकांनी देव म्हणून केलेल्या सोन्याच्या वासराची गोष्ट शिकवताना, मुलांच्या हातून मातीचं वासरू फोडून घेतलेलं पाहिलंय. मुलांना फार मजा आली, आणि मला त्या मजेचीच भीती वाटली. आपल्या गल्लीत ज्यांच्या घरी मूर्ती बसते त्यांच्या पोरांबरोबर ही मुलं उद्या लगोरी खेळणार आहेत. तो खेळ तू करू नकोस. त्याऐवजी असं कर. नाताळच्या करंज्या तू त्यांच्याकडे पाठवतेसच, या वेळी नाताळची वाट बघू नकोस. थोरल्याचा हात धरून त्यांच्या दारात जा, आणि त्याला म्हणू दे, "मी तुला वाईट वाटेल असं बोललो, माझं चुकलं." आपला विश्वास सोडायला कुणी सांगत नाही. जीभ आवरायला सांगायचं आहे.

शेवटी जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. खेळात राज्य सगळ्यांवर येतं. आंधळी कोशिंबीर खेळताना आई पकडली गेली तर आईच्याही डोळ्यांवर पट्टी. आज्ञांच्या खेळात मात्र आई-बाबा पंच होऊन बाजूला बसतात आणि पोरांवरच कायमचं राज्य. तिथं सगळं बिघडतं.

माझ्या घरी रात्री जेवणानंतर आम्ही चिठ्ठ्यांचा खेळ खेळायचो. दहा चिठ्ठ्या, दहा आकडे. ज्याला जो आकडा येईल त्यानं ती आज्ञा म्हणायची आणि आज ती कुठं पाळली किंवा मोडली ते सांगायचं. एका रात्री मला नऊ आला. मी आज्ञा म्हटली आणि म्हटलं, "आज काही नाही बाई, चिठ्ठी पुढं." माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा. तो म्हणाला, "आई, सकाळी भिशीवाल्या मावशी आल्या तेव्हा तू मला सांगितलंस ना, आई घरात नाही म्हण." हे दोन हातांवर बसलेले. मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं होतं, खरं सांगते. पगार लांबला होता, पैसे नव्हते, लाज वाटली होती. पण खोटं मी माझ्या तोंडानं बोललेच नव्हते, ते सात वर्षांच्या पोराच्या तोंडी घातलं होतं. मी मुलाला म्हटलं, "तुझं बरोबर आहे. राज्य माझ्यावर." दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी त्याला बरोबर घेऊन मावशींकडे गेले आणि खरं काय ते सांगितलं. त्यांनी महिनाभर थांबायचं कबूल केलं. मुलगा परत येताना काही बोलला नाही, नुसता उड्या मारत माझ्यापुढं चालत होता. तो आता चाळिशीत आहे. त्याला दहा आज्ञांचा क्रम कदाचित आज चुकेल, ती सकाळ चुकत नाही.

म्हणून चिठ्ठ्यांचा खेळ सुरू करणार असशील तर पहिली चिठ्ठी तू उचल, दुसरी यजमानांना दे. आणि मूल हरून रडायला लागलं तर त्या रात्री खेळ मिटव. मुलांना चिरडीस आणू नका, असं बापांना लिहिलेलं वचनही बायबलातच आहे.

प्रश्न : माझी जाऊ वसईची, कॅथलिक घरातली. सुट्टीत मुलं एकत्र आली की आज्ञांवरून भांडतात. तिची मुलं "आईबापांचा मान राख" ही चौथी म्हणतात, माझी पाचवी. बरोबर कोण?
— शाहूपुरीहून एक वाचक

उत्तर : दोघंही. शास्त्रात आज्ञांना आकडे घातलेले नाहीत. मुळात हिब्रूत त्यांना "दहा वचनं" म्हटलंय, दोन दगडी पाट्यांवर लिहिलेली. मोजणी लोकांनी पुढं केली. कॅथलिक आणि लुथरन मंडळी आपली पहिली आणि दुसरी मिळून एकच धरतात, आणि लोभाच्या आज्ञेच्या दोन करतात. कॅथलिकांत शेजाऱ्याच्या बायकोची नववी आणि मालमत्तेची दहावी. म्हणून मधल्या सगळ्या एकेक घर मागं सरकतात. यहुदी लोक आणखी वेगळं मोजतात. "मी तुला मिसरातून आणलं" हे वाक्यच त्यांच्याकडं पहिलं वचन.

मुलांना एक काम लावा. पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांच्यावर मजकूर लिहायचा, आकडे नाही. मग वसईच्या मुलांनी त्यांच्या पद्धतीनं ओळ लावायची, तुमच्या मुलांनी तुमच्या. शेवटी तुकडे तेच, हे त्यांना हातानंच कळेल. ओळ लावताना लोभाचा तुकडा कुठं कापायचा यावर पुन्हा भांडण होईल, तेव्हा कात्री मात्र मोठ्यांनी आपल्याकडे ठेवा.

प्रश्न : नातू बारा वर्षांचा. एक आज्ञा पाठ म्हटली की दहा रुपये, असं मी कबूल केलं. पठ्ठ्यानं दोन दिवसांत शंभर रुपये मिळवायची तयारी केली. धडाधड म्हणतो. पण परवा शाळेची फी म्हणून आईकडून जास्त पैसे घेतले आणि खोटं बोलला. माझं काय चुकलं?
— एक आजोबा, गडहिंग्लज

उत्तर : काका, पाठ करून घेतलंत यात काही चुकलं नाही. कोल्हापुरात मिशनचं काम १८५२ मध्ये सुरू झालं, पुढं ते प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं, आणि त्या वळणाच्या घरांत ख्रिस्ती शिकवणीची १०७ प्रश्नांची लघु प्रश्नोत्तरी मुलांना तोंडपाठ असायची. माझ्या आजोबांना ती म्हातारपणी अंथरुणावरही येत होती, आणि शेवटच्या आजारात तेवढंच त्यांच्याजवळ उरलं होतं. पाठांतराला मी कधी नावं ठेवणार नाही.

पैशाचं मात्र मी स्वतः भोगलंय. मी एका वर्षी वर्गात चांदण्यांचा तक्ता लावला. खरं बोललं की एक सोनेरी चांदणी. तीन आठवड्यांत एक मुलगी माझ्याकडे आली आणि तिनं न केलेली चूक कबूल केली, चांदणीसाठी. पाटी फुटली होती दुसऱ्याच्या हातून. खरेपणाला किंमत लावली ती मी, आणि तिनं ती वसूल केली. तक्ता मी त्याच दिवशी उतरवला.

तुम्ही आता नातवाला शंभर रुपये देऊन टाका. कबूल केलेत, तर द्यायचे. तुमच्या शब्दावरच तो शब्द शिकणार आहे. देताना सांगा की इथून पुढं यासाठी पैसे नाहीत. फीचं खोटं वेगळं ठेवा, त्याचा या शंभरांशी हिशेब घालू नका. ते जास्तीचे पैसे त्यानं आईला स्वतःच्या हातानं परत करायचे, आणि त्या वेळी तुम्ही खोलीत असू नका.

बारा वर्षांच्या मुलाला बाहुल्यांचे, साडीचे खेळ चालणार नाहीत. त्याला पंच करा. रविवारी धाकट्या भावंडांचा चिठ्ठ्यांचा खेळ त्याच्या हाती द्या, आणि तुमच्या हातात चिठ्ठी आली की आठवेल ते खरं सांगा. तुमच्या बाराव्या वर्षीचं काही असेल तर ते आधी सांगा.